दत्ताराम धुरी ऊर्फ तिरफळ

दत्ताराम धुरीवर मी अजून चिडलेली आहे. इतके महिने झाले, तो इथून गेलासुद्धा, तरी त्याचा विषय निघाला की माझ्या कपाळाला आठी पडते. त्याची आई बाजारात भेटली की आम्ही दोघी आधी माशांचे भाव बोलतो, मग घरादाराचं विचारतो आणि शेवटी त्याच्यावर येतो. ती म्हणते, "तुझा तरी वायच आयकत होतो तो." मी म्हणते, "माझा खंय आयकल्यान काकी?" मग दोघी आपापल्या पिशव्या उचलून निघतो.

माझं कणकवलीत फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. येतात ते बहुतेक आंब्या-काजूच्या झाडावरून पडलेले, हायवेवर दुचाकीवरून घसरलेले, नाहीतर गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या. त्यामुळे डावं मनगट उजव्या हातात धरून एक तिशी ओलांडलेला माणूस दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याला सुतार समजले. उंच, जरासा पोक काढलेला, डोळ्यांत झोप. अंगात काळा टी-शर्ट होता आणि छातीवर एक चौकोन बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसत होता. तिथलं कसलंसं चिन्ह उसवून काढलेलं होतं.

"काय काम करता?" मी विचारलं.

"खेळतो." सरकारी ऑफिसात बोलतात तसलं शुद्ध मराठी.

"काय खेळता?"

"मारामारी."

मी मान वर केली. तो अजिबात हसत नव्हता. मग त्याने समजावलं. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे असतात. एकाला हा चालवतो, दुसऱ्याला समोरचा खेळाडू. ज्याची ताकद आधी संपते तो राऊंड हरतो. "म्हणजे मुलं मोबाईलवर खेळतात तसलं काहीतरी," असं मी म्हटलं आणि तो चिडला. चिडल्याबरोबर मालवणीवर आला.

"मॅडम, तुमी हयच्याच ना? मगे आयका. मी देशात पयलो होतंय. ह्याच्यारच माझा पोट होता."

अंगठ्याच्या मुळाशी शिरांना सूज होती. जुनी, खेळून खेळून आलेली आणि मग दुर्लक्ष करून मुरलेली. पुण्यात त्याची टीम होती, महिन्याचा पगार होता, राहायला जागा होती. हात गेला तसा टीमने त्याला निरोप दिला. टी-शर्टवरचं चिन्ह त्याने स्वतः ब्लेडने उसवलं होतं. टी-शर्ट टाकला नाही, कारण कापड चांगलं होतं. दोन वर्षं तो आचऱ्याच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी, आईजवळ, काही न खेळता राहिला होता आणि आता त्याला परत उतरायचं होतं.

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही. महिने."

"सीझन सुरू होतलो मॅडम."

"होऊ दे की."

हे आमचं पहिलं भांडण.

त्या खेळात प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं. त्याचं होतं तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात घालतात तेच. चुकून दाताखाली आलं तर जीभ बधिर होते आणि माणूस जेवणाऐवजी त्याचाच विचार करत बसतो. बेंगळुरूच्या समालोचकांना ते नाव कधीच नीट म्हणता आलं नाही. ते 'टिर्फाल' म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी दत्ताराम पडद्याकडे बघून पुटपुटायचा, "तिरफळ रे मेल्या, तिरफळ."

मी त्याला मनगटाला पट्टा दिला आणि सांगितलं, काही आठवडे खेळायचं नाही, पट्टा काढायचा नाही. तो दर खेपेला पट्टा घालून यायचा. पट्टा इतका स्वच्छ असायचा की मला तिथेच कळायला हवं होतं. कोकणातल्या घामात दिवसभर घातलेला पट्टा असा पांढराशुभ्र राहत नाही. एकदा मी सरळच विचारलं.

"घरी घालतंस?"

"घालतंय."

"दत्ताराम."

"येताना एसटीत घालतंय," तो म्हणाला.

असा चिडका, हट्टी पेशंट मी दुसऱ्या दिवशी हाकलून दिला असता. पण त्याच्यात एक गोष्ट होती, आणि तिच्यामुळे तो बाकावर बसलेला मला आवडू लागला. तो माणसं बघायचा. त्याचा खेळच तो होता. समोरचा घाबरला की काय करतो, वार करायच्या आधी त्याची कुठली सवय बाहेर येते, हे हेरायचं आणि तिथे गाठायचं. ती खोड क्लिनिकच्या बाकावरही जात नसे. कोपऱ्यातल्या एका आजोबांकडे बघून तो हळूच म्हणाला, "ह्ये बाबा दोनदा गुडघो चोळतले, मगे उठतले." आजोबांनी दोनदा गुडघा चोळला आणि उठले. दुसऱ्या एका खेपेला मला म्हणाला, "मॅडम, तुमी 'नाय' म्हणाच्या आदी चष्मो वर सारतास. म्हणान मी आधीच गप रवतंय." त्यानंतर कित्येक दिवस चष्म्याला हात लावताना मला अवघडल्यासारखं व्हायचं.

आणि एक सवय म्हणजे हरल्यावर गोष्ट सांगायची. हरला की तो यंत्राला हात लावत नसे. आपण कसे हरलो हे आधी कुणातरी माणसाला तोंडाने सांगायचा. त्याचं म्हणणं असं, "हरलंय तर हरलंय. पण कसो हरलंय ता माका सांगाक येवक होया." ऐकणारा कोणीही चाले. आईला सांगे, एसटीच्या कंडक्टरला सांगे. माझ्याकडे गुडघ्याला शेक घेणाऱ्या एका आजींना त्याने अख्खी लढत सांगितलेली मी ऐकली आहे. आजींनी शेवटी विचारलं, "मगे तू मागे कित्याक सरलंस?" तो म्हणाला, "तेच तर कळना नाय."

हात थोडा वळायला लागल्यावर प्रश्न पेटीचा आला. ह्या खेळातले जुने खेळाडू एका पेटीवर खेळतात. डावीकडे दांडी, उजवीकडे बटणं, पेटी मांडीवर. त्याची प्लास्टिकची पेटी उंच होती आणि तिच्यावर मनगट मुडपायचं. मनगट सरळ राहील अशी पेटी असेल तरच खेळायला परवानगी, असं मी सांगितलं. मला वाटलं, तेवढेच दोन आठवडे जातील. चार दिवसांत तो सावंतवाडीला जाऊन लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून उतरत्या तोंडाची पेटी करून घेऊन आला. माप बरोबर होतं. फक्त त्या कारागिराने न सांगता पेटीला लाल रंग दिला होता आणि चारी बाजूंनी पिवळी वेलबुट्टी काढली होती. दत्ताराम तणतणत होता. "मी सांगलंय साधी होयी. तर म्हणता, नुसता लाकूड कसा दिऊ, लोक माका काय म्हणतले?"

"मग रंग खरवडून काढ," मी म्हटलं.

"नको. बरी आसा," तो म्हणाला आणि पेटी टॉवेलात गुंडाळली.

परतल्यावरच्या पहिल्या स्पर्धेच्या प्रक्षेपणात, घरच्या कॅमेऱ्यातून, ती पेटी दिसली तेव्हा लोक हसले. कुणी तिला हार्मोनियम म्हणालं, कुणी देव्हारा. तो म्हणाला, "हसांदेत. हसतत तेवा तेंचा लक्ष नसता." आणि त्या स्पर्धेत तिसरा आला. दोन वर्षांनी परतलेला, तिशी ओलांडलेला, ज्याला सगळ्यांनी संपलेला धरला होता तो माणूस. समालोचक त्या दिवशी 'टिर्फाल, टिर्फाल' करून ओरडत होते.

आता सावियो.

सावियो मडगावचा. दत्ताराम घरी बसला होता त्या काळात देशात पहिला झालेला. त्याआधी ही दोघं वर्षानुवर्षं रोज एकमेकांशी सराव करायची, हा पुण्यातून, तो मडगावातून, कानाला माईकवाला हेडफोन लावून. एकाची कोकणी, दुसऱ्याची मालवणी. बाकीच्या देशाला ती काय बोलतात ते कळत नसे, म्हणून भर लढतीत ती एकमेकांची यथेच्छ खेचायची. पण स्वभाव म्हणाल तर उलटे. दत्ताराम अंगावर धावून जाणारा. सावियो मागे उभा राहून वाट बघणारा, अगदी थंड. आणि जिंकल्यावर हमखास "सॉरी रे" म्हणणारा. त्या 'सॉरी'ने दत्ताराम जितका पेटायचा तितका हरण्यानेही पेटत नसे.

दत्तारामच्या आईला, म्हणजे काकींना, सावियो आवाजाने माहीत होता. हात वळायला लागल्यावर गावच्या घरून मुलाचा सराव पुन्हा सुरू झाला, तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "दत्ता, जेवाक ये! कालवण थंड झाला!" ते माईकमधून थेट मडगावला पोचायचं आणि तिकडून आवाज यायचा, "काकी, आयज कितें रांदलां?" ती म्हणायची, "तिखला केलंय रे बाबा, ये जेवाक." नातेवाइकांनी विचारलं तर काकी सांगायची, मुलगा कंप्युटरात आहे. पण सावियोने काय खाल्लं, त्याची आई कशी आहे, हे तिला माहीत असायचं.

त्या मोसमाचा हिशेब साधा होता. प्रत्येक स्पर्धेचे गुण मिळत. मोसमाच्या शेवटी पुण्यात सगळ्यांनी समोरासमोर बसून खेळायची एक स्पर्धा होती. ती धरून ज्याचे गुण सर्वांत जास्त, तो एकटा आशियाच्या स्पर्धेला जपानला जाणार. पहिला जाणार, दुसऱ्याला काही नाही. आणि बघता बघता यादीत वर दोनच नावं उरली, सावियो आणि त्याच्या मागे चिकटून तिरफळ.

बाकीच्या स्पर्धा घरूनच, इंटरनेटवरून खेळायच्या होत्या. दत्तारामच्या गावी नेट म्हणजे देवाची करणी. ह्या खेळात क्षणाचा उशीर झाला तर वार बसून गेलेला असतो. मी एके दिवशी म्हटलं, "क्लिनिकात नेट चांगलं आहे. दुपारी एक ते चार मी बंद ठेवते. इथे येऊन खेळ." तो नको म्हणाला. त्याला कुणाचं काही घेणं जमत नसे. शेवटी मी म्हटलं, हात माझ्या डोळ्यांसमोर राहील, म्हणून ये. तेव्हा आला. व्यायामाच्या खोलीत, कमरेला ताण द्यायच्या पलंगाशेजारी लाकडी स्टुलावर बसायचा. मऊ खुर्ची त्याला चालत नसे. खेळायच्या आधी पेज आणि खारातली कैरी, दुसरं काही नाही. काकी डबा घेऊन यायची आणि पलंगाच्या कडेला बसून राहायची.

त्या दुपारी उपांत्य लढत होती आणि समोर सावियो होता. दत्ताराम असा खेळत होता की मला, काही न कळणारीला, कळत होतं. सावियो मागे सरकायचा आणि हा तिथे आधीच पोचलेला असायचा. एक राऊंड जिंकला की लढत त्याची, तिथवर आलं. काकीने डब्याचं झाकण दोन्ही हातांत धरलं होतं. आणि पडदा थांबला.

दोन्ही लढवय्ये हवेत तसेच राहिले.

"लाइट गेली?" काकीने विचारलं.

"लाइट आसा," दत्ताराम म्हणाला. "नेट गेला."

मी बाहेर धावले. रस्त्याच्या कडेला गटारासाठी जेसीबी खणत होता आणि त्याच्या दातांत काळी केबल लोंबत होती. चालक खाली उतरून तिच्याकडे बघत होता. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आत आले तेव्हा दत्तारामचा फोन वाजत होता. सावियो. त्याने स्पीकर लावला.

"दत्ता, तुजें नेट गेलें?"

"गेला."

"परतून खेळूंया. हांवें आयोजकांक सांगलां. तूं फकत हय म्हण."

नियम असा होता की ज्याचं नेट गेलं तो हरला. पण समोरच्याने संमती दिली तर लढत पुन्हा खेळता येते, आणि समोरच्याने न मागता संमती दिली होती. शेजारच्या दुकानदाराचं नेट दुसऱ्या कंपनीचं होतं, ते चालू होतं. पेटी उचलून पलीकडे जायचं, एवढंच.

दत्ताराम पेटीच्या वेलबुट्टीवरून बोट फिरवत होता.

"म्हाका असलें जिखप नाका रे," सावियो म्हणाला. असलं जिंकणं त्याला नको होतं.

"बघ, तो सोताच म्हणता," काकी म्हणाली. "होय म्हण."

"नाय," दत्ताराम म्हणाला.

"कित्याक?" फोनमधून.

"नेट माझा गेला. तुझा नाय गेला."

"नेमांतूच आसा परतून खेळपाचें."

"माका तुझी दया नको, सावियो. एकदा खाल्लंय, पुरे झाला."

"खंयची दया?"

त्याने फोन कापला.

मग मी जी सुरू झाले ती झाले. काकीसुद्धा. "मेल्या, दार उघडा आसा आणि तू भितीक डोक्या आपटतंस?" ती म्हणाली. तो पेटी टॉवेलात गुंडाळत होता. शेवटी मी त्याच्या हातातून टॉवेल ओढला आणि विचारलं, कसली दया, एकदा काय झालं? तेव्हा त्याने सांगितलं.

हात गेला तेव्हाची शेवटची लढत हैदराबादला, ह्याच सावियोशी झाली होती. मनगट सुजून टम्म. दांडी हलत नव्हती. सगळं सभागृह बघत होतं. आणि एका राऊंडला सावियो, चांगला पुढे असताना, अचानक मागे सरला आणि उभा राहिला. काहीच केलं नाही. तो राऊंड दत्तारामला मिळाला. लढत नंतर हरलाच, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या फक्त त्याच राऊंडला.

"तेना माका राऊंड सोडल्यान," तो म्हणाला. "सगळ्यांच्या समोर. भिकाऱ्याक घालतत तसो."

"त्याला विचारलंस कधी?"

"इचारूचा काय? मी बघलंय. माणूस वाचूक माका येता."

पलीकडून फोन पुन्हा वाजत राहिला आणि वाजून वाजून थांबला. आयोजकांनी दिलेली मुदत संपली. लढत सावियोला गेली. दत्तारामने गार झालेली पेज सगळी प्यायली, डबा धुऊन आईला दिला आणि मला म्हणाला, "मॅडम, नेटचो राग मानू नकात. तुमचो काय दोष नाय." मला तेव्हा त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

त्यानंतर तो जसा खेळला तसं मी कुणाला काही करताना पाहिलेलं नाही. त्यात आनंद कुठेच नव्हता. तो दात ओठ खाऊन जिंकायचा. हात दुखायचा, मी पट्ट्या लावायची, तो शेवटपर्यंत गुणांच्या मागे धावत राहिला आणि सावियो तेवढाच पुढे राहिला. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी त्याने मला गणित सांगितलं. तो जिंकला आणि सावियो अंतिम लढतीपर्यंत पोचलाच नाही, तरच तो पहिला. सावियो अंतिम लढतीत आला, तर मग ती कोणीही जिंको, सावियोच जपानला.

"आणि ती दुपारची लढत मिळाली असती तर?" मी विचारलं.

"तर आज हो प्रश्नच नसतो," तो म्हणाला. "गणित माका येता मॅडम."

रविवारी काकी सकाळीच क्लिनिकात आली. मी मोबाईल औषधांच्या कपाटाला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसलो. दत्ताराम आपली उपांत्य लढत जिंकला. मग सावियोची लागली. मी आयुष्यात कुणाच्या हरण्याची इतकी वाट बघितली नव्हती. काकी मात्र अस्वस्थ होती. पदराशी चाळा करत म्हणाली, "तो पण बरो पोरगो आसा गो." सावियो एक राऊंड हरला, दुसरा जिंकला, तिसऱ्यात अगदी कडेवर येऊन वाचला. आणि जिंकला.

समालोचक म्हणाले, क्रमवारी ठरली, आता अंतिम लढत फक्त ह्या स्पर्धेच्या विजेतेपदासाठी. काकीला मी सांगितलं.

"म्हणजे दत्ता जिंकलो तरी पयलो नाय?"

"नाय."

"मगे आता खेळता कित्याक?"

मी मोबाईलचा आवाज वाढवला. पडद्यावर तो येऊन बसला. वेलबुट्टीची पेटी मांडीवर. शेजारी सावियो, गोल चेहऱ्याचा, चष्मेवाला, त्या सकाळपर्यंत मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

आणि दत्ताराम धावून गेला नाही. पहिल्या राऊंडपासून तो मागे उभा राहिला. सावियो थांबला, हाही थांबला. सभागृहात लोक आधी हसले, मग ओरडू लागले, मग गप्प झाले. वेळ संपली तर ज्याची ताकद जास्त उरली त्याचा राऊंड, आणि दत्ताराम एखाद्या लहानशा वाराने पुढे असायचा. म्हणून घड्याळ संपत आलं की सावियोला पुढे यावं लागायचं आणि पुढे आला की तो मार खायचा. वाट बघण्याचं काम ज्याचं, त्यालाच दत्तारामने पुढे यायला लावलं. सगळा मोसम त्याने हे राखून ठेवलं होतं की त्याच दिवशी सुचलं, मला माहीत नाही. एकही राऊंड न गमावता तो जिंकला. काकी उठून उभी राहिली होती आणि तिच्या ते लक्षात नव्हतं.

त्याने हात वर केले नाहीत. खुर्ची मागे सारली, सावियोकडे वळला आणि काहीतरी विचारलं. माईक बंद होता. सावियोने मान हलवली. मग मुलाखतवाली आली, कसं वाटतंय वगैरे. तो म्हणाला, "बरो खेळलंय. उशिरा खेळलंय." तिला ते कळलं नाही, ती 'वा वा' म्हणून पुढे गेली.

परत आल्यावर हात दाखवायला आला. हात पुन्हा सुजला होता. मी काही न बोलता बर्फ लावत होते. तोच म्हणाला, "इचारलंय तेका."

"काय?"

"हैदराबादचा. राऊंड कित्याक सोडलंस म्हणान."

"मग?"

"तो म्हणता, आठवना नाय."

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं.

"खोटा नाय बोलूक," तो म्हणाला. "खोटा बोलताना तो नाक ओढता. नाय ओढल्यान. तेका खराच आठवना नाय. खंयचो राऊंड, म्हणता. बटण अडकला असात, म्हणता." त्याने बर्फाची पिशवी बाजूला सारली. "मॅडम, माणसाक आठवत कसा नाय? माझी दोन वर्सां गेली त्या राऊंडात."

मी त्याला समजावू शकले असते, ओरडू शकले असते. दोन्ही करायची तयारी होती. पण त्याच्या तोंडाकडे बघून मी बर्फाची पिशवी बदलली आणि एवढंच म्हटलं, "आता तरी हात जप." तो होय म्हणाला. तेही खोटंच होतं.

पंधरा-वीस दिवसांनी काकीकडून कळलं की दत्ताराम मडगावला निघालाय. जपानला जायच्या आधी सावियोला सरावाला कुणीतरी हवं होतं, तिकडच्या खेळाडूंच्या सवयी हेरून अगदी त्यांच्यासारखं खेळून दाखवणारं. ते काम करू शकणारा माणूस एकच होता. सावियोने विचारलं तेव्हा हा आधी नाही म्हणाला, मग दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याने बॅग भरली. काकीने विचारलं, आता कुठे गेला तुझा मान? तर म्हणाला, "मी खेळूक जातंय. मानाचा काय तेच्यात?"

मला ऐकून रागच आला. स्वतःसाठी जे घेतलं नाही, ते दुसऱ्याला द्यायला निघालेला माणूस. हेच आधी सुचलं असतं तर जपानला कोण गेलं असतं?

त्या दिवशी मी माझ्या बहिणीला घ्यायला कणकवली स्टेशनवर गेले होते. तिची गाडी आली, आम्ही सामान उतरवत होतो, तेवढ्यात पलीकडच्या फलाटावर मडगावकडे जाणारी गाडी लागली आणि मला खिडकीत दत्ताराम दिसला. मांडीवर टॉवेलाचं गाठोडं, कानाला फोन. मी हाक मारली. हात हलवला. त्याचं लक्ष नव्हतं. तो फोनवर भांडत होता, जोरजोरात, समोरच्या सीटवरची माणसं त्याच्याकडे बघत होती. "नाय रे, तसा नाय! तो थंय थांबणा नाय! तू ऐक माझा आदी!" गाडी हलली. खिडकी माझ्या समोरून गेली तेव्हा तो हवेत बोटांनी काहीतरी दाखवत होता, जणू सावियो तिथेच समोर बसला आहे, आणि चेहऱ्यावर असा वैताग होता की मी हाक मारायची थांबले. बहीण म्हणाली, "कोण गो तो, कोणावर एवढो खवळलो?"

"आमच्याकडचा आहे," मी म्हटलं, आणि तिची बॅग उचलली.